आवाज आहे, चित्र नाही

पुण्यात ‘पिक्चर’ या शब्दाला दोन लिंगं आहेत. थिएटरला लागतो तो पिक्चर आणि घरच्या टीव्हीवर दिसतं ते पिक्चर. ‘कालचा पिक्चर कसा होता?’ असं मित्र विचारतात. ‘पिक्चर कसं येतंय?’ असं मी विचारतो. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात गेली अडतीस वर्षं मी या दुसऱ्या प्रश्नावर पोट भरतोय, आणि उत्तर मात्र निम्म्या वेळा पहिल्या प्रश्नाचं मिळतं.

“काकू, पिक्चर कसं येतंय?”

“अगदी बंडल. नुसती रडारड, आणि हिरो तर काय मेंगळट!”

“तसं नव्हे हो, आडवे पट्टे येतात का?”

“पट्टे होय? येतात की. पण ते इंटरव्हलनंतर.”

माझा गाळा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या एका बोळात आहे. सहा बाय नऊ. एक टेबल, त्यावर सोल्डर गन आणि मीटर, भिंतीला टेकवून ठेवलेले सेट, खिळ्यांना अडकवलेल्या रिमोटच्या माळा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक लोखंडी स्टूल. त्या स्टुलावर माणूस दहा मिनिटं बसला की बोलायला लागतो. समोर चार-पाच टीव्ही मांडलेले असल्यावर बोलणार कशावर? महापालिका आणि पाऊस पाच मिनिटांत संपतात. मग सिनेमा.

1987 साली मी इथे एका दुकानात हाताखाली लागलो. त्याच वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं होतं. शनिवारी संध्याकाळी दुकानात नुसता गदारोळ. जो तो म्हणायचा, उद्या सकाळच्या आत सेट पाहिजे. घराघरांवरच्या अँटेना तेव्हा सिंहगडाकडे तोंड करून असायच्या, कारण पुण्याचं प्रक्षेपण तिथल्या मनोऱ्यावरून यायचं. वाऱ्यानं दांडी वळली की रामाच्या मागे दुसरा राम दिसायचा. लोक तक्रार सांगायचे ती भाषाही मजेची होती. मुंग्या येतात. चित्र लोळतं. माणसं लांबुळकी दिसतात. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली, आजही ऐकतो ती: आवाज आहे, चित्र नाही.

मालकांची एक शिस्त होती. कामाच्या वहीत दोन रकाने आखायचे, डावीकडे ‘तक्रार’ आणि उजवीकडे ‘दोष’. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. दोष सेट उघडल्यावर लिहायचा. “दोन्ही रकान्यांत एकच लिहिलेलं दिसलं तर मी समजेन, तू सेट उघडलाच नाहीस,” असं ते म्हणायचे. स्वतःचा गाळा घेतल्यावरही मी ती पद्धत सोडली नाही. डावा रकाना वाचायला आजही मजा येते. ‘बायका फार लाल दिसतात.’ ‘बातम्यांना आवाज बरा, सिनेमाला घोगरा.’ ‘शनिवारचा मराठी सिनेमा अर्धा गेला, तरी चांगला होता.’ हा शेवटचा गृहस्थ तक्रार करायला आला होता की परीक्षण सांगायला, हे मला अजून कळलेलं नाही.

दुरुस्त झालेला सेट लगेच द्यायचा नसतो. तास-दीड तास चालू ठेवून बघायचा. सुटलेला डाग म्हणजे सोल्डरची सैल झालेली जागा, ती सेट तापल्यावरच दगा देते. त्यामुळे आयुष्यात मी सिनेमे पाहिले ते तुकड्यातुकड्यांनी. हजारभर सिनेमे नजरेखालून गेले असतील, पूर्ण पाहिलेले शंभर-सव्वाशे. त्यातही कधी स्पीकर सोडवलेला, म्हणजे चित्र आहे आवाज नाही. कधी ट्यूब काढलेली, म्हणजे आवाज आहे चित्र नाही. यातून माझी मतं काहीशी वेडीवाकडी झाली आहेत, पण ती माझी आहेत. निळू फुले आवाजाशिवाय कळायचे. नुसती मान वळवली तरी समोरच्या बाईवर काय संकट येणार ते समजायचं. अशोक सराफ चित्राशिवाय कळतात. टेबलाखाली डोकं घालून वायर शोधतानाही मी त्यांच्या बोलण्याला हसलो आहे. आणि काही मोठी नावं अशी की दोन्ही चालू असताना काही कळत नाही. ती सांगत नाही. गिऱ्हाइकं तुटतील.

व्हीसीआरच्या काळात आमच्या दुकानात मशीन तपासायला एकच कॅसेट होती, ‘अशी ही बनवाबनवी’ची. सिनेमा 1988 चा, कॅसेट बहुधा दुसऱ्या वर्षी आली. तिचा सुरुवातीचा अर्धा तास एका मशीनने चावला होता. चावला म्हणजे टेप गुंडाळून चिरमडून टाकली होती. तो भाग सोडून पुढून लावायची. हेडला स्पिरिट लावलेला बाँड पेपर हलकेच फिरवायचा, कॅसेट घालायची आणि लक्ष्मीकांत बेर्डेचा चेहरा स्वच्छ दिसला की मशीन पास. मी तो सिनेमा मधूनच चारशे वेळा पाहिला असेल. सुरुवात पाहिली ती बारा वर्षांनी, सीडीवर, घरी. बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला तर पाठ आहे ना?” मी म्हटलं, “हे चौघं एकमेकांना ओळखतात कसे ते आज कळतंय.”

थिएटरला पूर्ण सिनेमा पाहायचा तो दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊचा. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात आमच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. 1934 साली इंदूरच्या किबे सरदारांनी ते बांधलं, किबे लक्ष्मी थिएटर म्हणून. नंतर प्रभात झालं आणि अलीकडे पुन्हा किबे लक्ष्मी. आम्ही अजून प्रभातच म्हणतो. ‘माहेरची साडी’ तिथे इतकी चालली की चौकातले पुस्तकवाले शो सुटायची वेळ घड्याळ न बघता सांगायचे. डोळे पुसत येणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागे कंटाळलेले नवरे, असा लोंढा बाहेर पडला की सव्वातीन. त्या लोंढ्यातलं बोलणं मी कितीदा तरी ऐकलंय. पायऱ्या उतरताना माणूस खरं बोलतो. ‘मला तर झोप लागली’ हे वाक्य पायरीवर ऐकू येतं, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात पोहोचेपर्यंत त्याचं ‘जरा संथ आहे, पण विषय चांगला’ झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्या स्टुलावर बसून सांगतो, “बघायलाच हवा असा.” मी वाद घालत नाही. सेटसुद्धा गार असताना एक दोष दाखवतो आणि तापल्यावर दुसरा.

एक आठवण मध्येच सांगतो. गणपतीत पेठांमध्ये रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवत. मी स्पीकरची जोडणी करायला जायचो. पुढची जागा भरली की उरलेले लोक पडद्याच्या मागे बसायचे. तिथून सगळं उलटं दिसतं. हिरो डावऱ्या हाताने मारतो, पाट्या उजवीकडून डावीकडे. रात्री दीडला सिनेमा संपल्यावर पुढचे आणि मागचे एकत्र यायचे आणि सगळ्यांना सिनेमा सारखाच आवडलेला असायचा. मागे बसलेला एक म्हातारा मात्र मला म्हणाला होता, “पोरगं चांगलंय, पण डावरं आहे.” मी काही खुलासा केला नाही.

आता मूळ गोष्ट. 2014 ते 2016 या काळात माझ्या वहीत एक अजब प्रकार झाला.

सुरुवात ‘फँड्री’ने झाली. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा फेब्रुवारी 2014 मध्ये आला. शेवटी डुकराच्या मागे धावून धावून, सगळ्या गावाकडून हसून घेतलेला जब्या दगड उचलतो आणि फेकतो. दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा. काही महिन्यांनी तो घरोघरी पाहिला जाऊ लागला, तेव्हा नारायण पेठेतले एक गृहस्थ बत्तीस इंची सेट रिक्षात घालून घेऊन आले. तक्रार, ‘सिनेमा बघताना एकदम बंद पडतो.’ मी सेट लावला, दोन तास चालवला. ठणठणीत. कुठला सिनेमा, विचारलं. तेव्हा उलगडा झाला. “दगड आला आणि गेलाच की हो!” त्यांनी घाबरून लगेच मेन स्विच बंद केला होता. पुढची नावं त्यांनी पाहिलीच नव्हती. उजव्या रकान्यात मी लिहिलं: दोष नाही. पैसे घेतले नाहीत. रिक्षाचे त्यांचे गेले ते गेले.

मग 2015 च्या एप्रिलमध्ये ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला. एका शाहिरावर खटला चालतो, चालतच राहतो. कॅमेरा एका जागी ठेवलेला, हलत नाही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, निवृत्त मास्तरांना, मुलाने तो घरी लावून दिला. पहिला फोन अर्ध्या तासात आला: “चित्र अडकलंय. आवाज चालू आहे.” मी म्हटलं, सर, त्यात माणसं हालतायत का? “हालतात, पण फार थोडी.” मग बघा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर. शेवटाकडे कोर्टाचं कामकाज संपतं, उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, दार लागतं आणि पडदा कितीतरी वेळ नुसता अंधारा राहतो. तिथे मास्तरांनी टीव्ही बंद केला. आणि गंमत म्हणजे त्यांना सिनेमा अतिशय आवडला होता! “काय शेवट आहे! न्यायालयात अंधार! वा!” आता त्यांना कोणी सांगायचं की अंधारानंतर सिनेमा आहे अजून? तेच न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला जातात, बागेतल्या बाकावर डुलकी घेतात आणि पोरांनी दचकवल्यावर एकाच्या थोबाडीत देतात. सिनेमातला सगळ्यात मोठा टोला त्या थोबाडीत आहे, असं माझं मत. मी मास्तरांना सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “ते नसतं तरी चाललं असतं.” मास्तर आहेत.

आणि तिसरा अर्थातच ‘सैराट’. 29 एप्रिल 2016 ला लागला, तेव्हा थिएटरात लोकांनी गाण्यांवर नाच केले. शेवटी मात्र सगळा आवाज जातो. शेजारच्या बाईबरोबर गेलेलं लहान मूल घरी परततं, आत जातं, बाहेर येतं. फरशीवर पावलं उमटतात. ते रडतं ते दिसतं, ऐकू येत नाही. टीव्हीवर सिनेमा लागल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दोन सेट आणि एक होम थिएटर. तिन्हींची एकच तक्रार: ‘शेवटी आवाज जातो.’ एका दादाने तर घरी स्पीकरच्या वायरी उपटून पुन्हा जोडल्या होत्या, तोवर सिनेमा संपला. मी कार्डबोर्डचा एक तुकडा घेतला आणि मार्करने पाटी लिहून दाराला लावली: ‘सैराटच्या शेवटी आवाज नसतो. सेट चांगला आहे.’ लोक हसले, फोटो काढून नेले. पुण्यात पाटीचं कौतुक होतं, वाचून पाळत कोणी नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक सेट आलाच.

तीन वर्षांत लागोपाठ तीन मराठी सिनेमे, आणि तिघांचेही शेवट असे की सेट बिघडल्यासारखा वाटावा. समीक्षकांनी या सिनेमांवर खूप लिहिलंय, मी ते सगळं वाचलेलं नाही. पण एवढं मी धंद्याच्या अनुभवावर सांगतो. माणूस सेट घेऊन रिक्षात बसतो, त्याला काहीतरी फार खटकलेलं असतं. नाहीतर पट्टे येत असलेल्या टीव्हीवर लोक चार-चार महिने मालिका बघतात. ‘मला वाईट वाटलं’ असं सांगायला कोणी माझ्याकडे येत नाही. ‘आवाज गेला’ असं सांगायला येतात.

बुधवार पेठेत दुकान आहे म्हटलं की बाहेरगावचा माणूस अजून गालात हसतो. हसू दे. इथे दगडूशेठ आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, पुस्तकांचा बाजार आहे आणि त्या गल्ल्याही आहेत. तिथल्या खोल्यांमधले टीव्ही कोण दुरुस्त करतं? आम्हीच. दुपारी जायचं, बायका उठून चहा घेत असतात. टीव्ही तिथे दिवसभर चालतो, त्यामुळे सिनेमा त्यांच्याइतका कोणी पाहत नसेल. निपाणीकडच्या एक ताई माझ्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक. हा शब्द मी एकदा त्यांच्यासमोर उच्चारला तर म्हणाल्या, “तुमचं बी गिऱ्हाईक, आमचं बी गिऱ्हाईक. तुमचं तेवढं पावती मागतंय.” 2022 मध्ये ‘गंगूबाई काठियावाडी’ आला. भन्साळींचा, म्हणजे सेट भव्यच असणार. ताईंनी तो मुलाच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडून पाहिला. मी एचडीएमआयचं सॉकेट बदलत होतो तेव्हा त्या मागून बोलत होत्या.

“आलिया चांगलं करतीया की. पण खोली केवढी दाखवली ओ! आमच्या खोलीत कॅमेरावाला शिरला तर गिऱ्हाईक बाहेर काढाय लागंल.”

मी हसलो.

“आनि रातभर कुनी खोकत न्हाई. सगळ्यास्नी गाणं येतंय, खोकला येत न्हाई.”

त्या सिनेमावर इतकं मुद्द्याचं परीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही. वहीच्या डाव्या रकान्यात लिहिलं: ‘एचडीएमआय लागत नाही. सिनेमात कोणी खोकत नाही.’ सॉकेट बदललं, दोनशे रुपये. त्यांनी पावती मागितली.

आता सेट बदलले आहेत. मागे पोट सुटलेली ट्यूब गेली, टीव्ही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा झाला. त्याबरोबर तक्रारीही बदलल्या. हल्ली रोज ऐकायला मिळणारं वाक्य आहे, ‘संवाद कळत नाहीत, मारामारी मात्र शेजाऱ्यांनाही ऐकू जाते.’ यात नटांचा दोष थोडा, सेटचा जास्त. पातळ टीव्हीत पुढे तोंड करून स्पीकर बसवायला जागाच नाही, ते खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यात सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येतो आणि बोलणं बहुतेक मधल्या वाटेवर. ती सहा वाटांची गर्दी दोन छोट्या स्पीकरांत कोंबली की बोलणं चेंगरतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ निवडलं तर बराच फरक पडतो. दुसरी तक्रार अशी: ‘सिनेमा मालिकेसारखा दिसतो.’ सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. नवे सेट मधली चित्रं आपल्या मनानं घालतात, हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटला ते बरं दिसतं. पण जुना सिनेमा लावला तर काल सकाळी शेजारच्या बंगल्यात चित्रित केल्यासारखा वाटतो. एका गिऱ्हाइकाने नव्या सेटवर ‘श्वास’ पाहिला आणि मला म्हणाला, “तेव्हा रडलो होतो, आता काहीच झालं नाही. वय झालं.” मी त्याच्या घरी जाऊन ते सेटिंग बंद केलं. मग परत पाहिला का, हे विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

माझं स्वतःचं म्हणाल तर गेल्या वर्षा-दोन वर्षांत मी थिएटरला जाऊन बऱ्यापैकी सिनेमे पाहिले. दुकानात मुलगा बसतो, तुकडे बघायचं आता त्याच्याकडे. ‘आता थांबायचं नाय’ पाहिला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, घडलेल्या गोष्टीवरचा. मी स्वतः दहावीला दुसऱ्या फेरीत सुटलोय, त्यामुळे माझं मत निःपक्ष नाही. रडलो. ‘दशावतार’ पाहिला. दिलीप प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे, आणि त्या वयात नजर अधू होत चाललेला दशावतारी नट उभा करतात. तिकिटाचे पैसे त्यांच्या एकट्याच्या चेहऱ्यावर वसूल. उत्तरार्धात सिनेमा भाषण द्यायला लागतो तिथे मी पॉपकॉर्नकडे वळलो. रात्रीच्या जंगलातली दृश्यं आहेत, ती घरच्या स्वस्त पॅनेलवर नुसता काळा चिखल दिसणार, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो. ‘लापता लेडीज’ कुठल्याही सेटवर चांगला दिसतो. अगदी पट्टे येत असले तरी.

मनात राहिला तो ‘साबर बोंडं’. रोहन कानवडेचा. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवस गावी राहतो, तिथे लहानपणीचा मित्र भेटतो आणि दोघांत प्रेम आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा, पेठेत वाढलेला. गेलो तेव्हा कपाळावर आठ्या होत्याच, खोटं का बोलू. थिएटरात आम्ही अकरा जण. एक जोडपं मध्येच उठून गेलं. पण मला बसवून ठेवलं ते गोष्टीच्या आधी आवाजाने. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. कुठे रडायचं ते व्हायोलिन सांगत नाही. भांडं ठेवलं तर भांड्याचा आवाज, पाखरू ओरडलं तर पाखराचा, आणि दोन माणसं गप्प असली तर गप्प. अडतीस वर्षं मी सेटमधला घूं असा आवाज काढून टाकण्यासाठी डोकं खाजवतोय, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला कळतं. ती इतकी स्वच्छ मी पडद्यावर ऐकली नव्हती. अर्ध्या तासाने कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कधी गेल्या, सांगता येत नाही. बायकोचं मत पायऱ्या उतरताना मिळालं: “त्याची आई शहाणी आहे.” घरी पोहोचेपर्यंत बदललं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वहीत नोंद घेण्यासारखी गोष्ट.

मागच्या महिन्यातलं एक काम सांगतो. शनिवार पेठेतल्या एका आजी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा सेट: आवाज आहे, चित्र नाही. नव्या सेटमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा एकच. पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, एकाला एक जोडलेले बारीक दिवे. त्यातला एक गेला की सगळी माळ विझते. पॅनेल उघडणं हे दोघांचं काम. काचेला रबरी वाट्या चिकटवून ती अलगद उचलायची, खालचे पांढरे कागद क्रमाने बाजूला ठेवायचे आणि श्वास रोखून धरायचा. गेल्या पावसाळ्यात माझ्याच हातून एका बाईंचं त्रेचाळीस इंची पॅनेल कोपऱ्याला दबलं आणि चिरलं. आठ दिवसांची कमाई भरून द्यावी लागली. म्हणून आजींना म्हटलं, सेट दुकानात न्यावा लागेल, परवा मिळेल.

“आत्ताच न्यायलाच हवा का?” त्या म्हणाल्या. “कुंकू लागलाय. मी लहानपणी पाहिलेला.”

शांतारामबापूंचा 1937 चा ‘कुंकू’. आवाज चालू होता. शांता आपटेंचा आवाज मी ओळखला. तुकड्यातुकड्यांनी का होईना, तोही कधीतरी सेट तापवताना ऐकलेला होता. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि काळ्या पडद्यावर तिरका धरला. दिवे गेले तरी चित्र काचेत उमटतच असतं, फक्त त्याच्यामागे उजेड नसतो. बाहेरून तिरका प्रकाश टाकला की फिकट, करडं, वितभर जागेत दिसतं. आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. जिथे माणूस बोलेल तिथे मी टॉर्च हलवायचो. त्या सांगायच्या, “डावीकडे. आता म्हाताऱ्यावर धर.” पाऊण तास उभा होतो, शेवटी हात भरून आला. मोबाइलची बॅटरी अकरा टक्क्यांवर आली तेव्हा सिनेमा संपला.

“कसं दिसलं आजी?” मी विचारलं.

“तेव्हाही असाच अंधुक दिसला होता,” त्या म्हणाल्या. “आम्ही पार मागे बसायचो.”

त्या दिवशी डाव्या रकान्यात काय लिहावं सुचेना. ‘आवाज आहे, चित्र नाही’ एवढंच लिहिलं. उजव्या रकान्यात: पट्टी गेली. बदलली.

वाचकांपैकी कोणाला तपकीर गल्लीत सेट आणायचाच असेल तर एक विनंती. येताना रिमोट घेऊन या. निम्मे दोष सेटिंगमध्येच निघतात, आणि लोक रिमोट घरी ठेवून पन्नास इंची टीव्ही रिक्षातून आणतात. आणि ‘कोर्ट’ पाहिला असेल, पण बागेतल्या बाकावर झोपलेले न्यायाधीश आठवत नसतील, तर तो अजून तुमचा बघायचा राहिलाय.